दोन तासांचं तंजावर, तीन दिवसांचं तंजावर: आमची वाटचाल

2008 साली मी आणि माझ्या बायकोनं साताऱ्यात, घराच्या पुढच्या खोलीत सहलींचा व्यवसाय सुरू केला. एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर भारताचा नकाशा. आधी अष्टविनायक, गणपतीपुळे. मग धीर आल्यावर दक्षिण: मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. त्या बारा दिवसांत तंजावरच्या वाट्याला दोन तास यायचे. देऊळ बघा, फोटो काढा, गाडीत बसा.

2011च्या डिसेंबरात आमच्या ग्रुपमध्ये कराडच्या एक आजी होत्या, निवृत्त शिक्षिका. बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात सगळे नंदीपाशी जमले आणि आजी काही दिसेनात. शोधत गेलो, तर नैऋत्येकडच्या ओवरीत भिंतीशी अगदी जवळ उभ्या राहून त्या एकेक अक्षर लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अरे, हे तर मराठी आहे!" भोसले घराण्याचा इतिहास, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली दगडात कोरून घेतलेला, देवनागरी लिपीत. त्याआधी मी चार वेळा त्या देवळात येऊन गेलो होतो आणि ही भिंत मी पाहिलेली नव्हती. आजींना तासभर हवा होता. मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं, कारण पुढच्या गावी जेवण सांगून ठेवलं होतं. ते मला अजून खुपतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "फक्त तंजावरचीच सहल काढूया." लोक म्हणाले, तीन दिवस एका गावात काय करणार? खरं तर तीन दिवसही कमीच. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे इथे आले आणि 1855पर्यंत, म्हणजे जवळजवळ 180 वर्षं, इथे भोसल्यांची गादी होती.

पहिली सहल 2013च्या मे महिन्यात काढली, मुलांना सुट्टी म्हणून. ती चूक झाली. सकाळी अकराला आवारातली फरशी इतकी तापली होती की अनवाणी पायांनी सावलीपर्यंत पोचेस्तोवर एका काकूंच्या तळपायाला फोड आले. त्यात ज्या मध्यस्थाकडे ॲडव्हान्स भरला होता त्यानं हॉटेलात खोल्या सांगितल्याच नव्हत्या. सोळा माणसं सामानासकट रिसेप्शनसमोर उभी होती. रात्री दुसरीकडे सोय केली, फरकाचे पैसे आम्ही भरले. तेव्हापासून मध्यस्थ बंद. खोल्या स्वतः फोन करून ठरवायच्या. आणि सहल फक्त डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी.

आता आमचा क्रम असा असतो. देवळात दोनदा जायचं. एकदा उजाडल्यावर, फरशी गार असताना, आणि एकदा साडेचारनंतर. राजराज चोळानं 1010च्या सुमारास पुरं केलेलं ते दोनशे फुटांवर उंचीचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, संध्याकाळच्या उन्हात मधासारखं पिवळं होतं. त्याची सावली जमिनीवर पडतच नाही असं अनेक जण सांगतात. आम्ही लोकांना त्या सावलीतच बसवतो. देऊळ चोळांचं आहे, तमिळ माणसाचं आहे, हेही आम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलतो. आपल्या राजांनी तिथे आपलं पान जोडलं, याचा अभिमान जरूर असावा, पण मालकी सांगू नये.

दुसरा दिवस राजवाड्याचा. चोळांच्या काशाच्या मूर्ती आणि मग सरस्वती महाल. भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी वाढवला. संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर मराठी हस्तलिखितंही आहेत. सरफोजींना वैद्यकाचा नाद होता. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, सोबत त्या डोळ्यांची चित्रं, या संग्रहात जपलेल्या आहेत. आमच्या ग्रुपमधल्या एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांनी हे कळल्यावर दुपारचं जेवण सोडलं.

तिसरा दिवस मोकळा. कुणी शिवगंगा बागेत फिरतं, कुणी मान डोलावणाऱ्या बाहुल्या घेतं, कुणी फणसाच्या लाकडाची वीणा कोरताना बघत बसतं. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांचं तिरुवैयारू कावेरीकाठी, अर्ध्या तासावर. दारासुरमच्या देवळातली रथाची दगडी चाकं बघायची तर सकाळी लवकर निघावं. फिल्टर कॉफी मात्र पितळेच्या वाटी-पेल्यातूनच प्यायची.

2020 साली ठरलेली सहल रद्द झाली, तसं आमचं ऑफिसही दीड वर्षं बंद राहिलं. बावीस जणांचे पैसे हप्त्याहप्त्यानं, पण सगळे परत केले. त्यातले चौदा जण पुढच्या सहलीला आले.

गेल्या जानेवारीत एक तंजावरचे मराठी गृहस्थ आम्हाला देवळात भेटले. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि आमच्या आजोबांच्या तोंडी असायचे तसे जुने शब्द. ग्रुपमधल्या बायकांनी त्यांना अर्धा तास सोडलं नाही.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या संध्याकाळपुढे आता एवढंच छापलेलं असतं: साडेचारनंतर बृहदीश्वर. मराठी शिलालेखासाठी हवा तितका वेळ. गाडी अंधार पडल्यावर येईल.