एकाच दिवशी लागलेले दोन चित्रपट

आज दुपारी सात वर्षांच्या लेकीला ‘माय नेबर टोटोरो’ दाखवून झाला आणि ‘अजून एक लाव ना, बाबा’ असा हट्ट सुरू झाला, तेव्हा त्याच स्टुडिओ जिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे नाव पाहून मी निर्धास्तपणे ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ लावला. एप्रिल १९८८ मध्ये जपानात हे दोन्ही चित्रपट जोडीनेच प्रदर्शित झाले होते, एवढेच मला ठाऊक होते. पण पहिला दिग्दर्शक हयाओ मियाझाकींचा, तर दुसरा इसाओ ताकाहातांचा, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या कोबेतील दोन भावंडांचा. सुरुवातीलाच रेल्वे स्थानकात खांबाला टेकून बसलेला मुलगा प्राण सोडतो आणि त्याच्याजवळचा गोड गोळ्यांचा पत्र्याचा डबा कोणीतरी बाहेर अंधारात भिरकावतो. ‘तो झोपलाय का?’ या प्रश्नाला मी टीव्ही बंद करून उत्तर दिले.

डोळे मोठे आणि रंग गोड, म्हणजे मुलांसाठीच, ही आपली खोड जुनी आहे. प्रत्यक्षात जपानात मांगा म्हणजे चित्रकथांचे किशोरवयीन मुलांसाठी शोनेन आणि प्रौढ पुरुषांसाठी सेइनेन असे वेगळे वर्गच आहेत.

रात्री जेवताना तिने विचारले, ‘त्या डब्यात गोळ्या उरल्या होत्या का?’ त्यात धाकट्या बहिणीच्या अस्थी होत्या, हे मी तोवर वाचले होते. मी तिच्या ताटात थोडा वरणभात वाढला.