जुना सीरियल कोड नव्या चिपवर नेताना

एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपवर बरीच वर्षं बिनबोभाट चाललेला मॉडबस आरटीयूचा (उपकरणांनी सीरियल वायरवरून एकमेकांशी बोलायच्या प्रोटोकॉलचा) सी कोड मला एसटीएम३२एफ१०३ या एआरएम चिपवर न्यायचा होता. सगळं नव्याने लिहून काढावं असा मोह होतोच, पण मी जुना कोड ठेवायचं ठरवलं. अर्धवट फ्रेम (एक संदेश) आली, सीआरसी (फ्रेमच्या शेवटचे, चूक पकडणारे दोन बाइट) जुळला नाही, दुसऱ्याच पत्त्याची फ्रेम आली, तर काय करायचं हे त्यात आधीच सोडवलेलं होतं. कुणीतरी प्रत्यक्ष वायरवर झगडून मिळवलेली ही उत्तरं फेकून द्यायला माझं मन धजेना.

सुरुवात शोधाशोधीने केली. यूडीआर०, यूसीएसआर०ए ही जुन्या चिपच्या सीरियल पोर्टची रजिस्टरं कोणत्या ओळींत येतात ते ग्रेप या शोधायच्या कमांडने काढलं. ड्रायव्हरच्या फाइलमध्ये ती असणारच, पण फ्रेम जुळवणाऱ्या फंक्शनच्या पोटातही निघाली. ती सगळी उचलून चार लहान फंक्शनांमागे ठेवली: बाइट पाठव, आलेला बाइट दे, पाठवणं पूर्ण झालं का ते सांग, टायमर वाचून दे. हे काम मुद्दाम जुन्या बोर्डावरच केलं. कोड आणि चिप एकदम बदलले असते तर बिघाड कुणाचा हे शोधण्यातच वेळ गेला असता.

नव्या चिपवर बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट जायचे तो वेग, लगेच जमला. यूएसएआरटी१ या सीरियल पोर्टला ७२ मेगाहर्ट्झचं क्लॉक मिळतं, त्याला ११५२०० ने भागलं की नेमके ६२५ येतात. यूएसएआरटी२ मात्र ३६ मेगाहर्ट्झच्या बसवर आहे, तिथे भागाकार वेगळा. पॅरिटीचंही, म्हणजे चूक पकडायला जोडलेल्या जादा बिटाचंही, एक बघावं लागतं: या चिपमध्ये पॅरिटीचा बिट शब्दाच्या लांबीत धरतात, म्हणून आठ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी हवी असेल तर लांबी नऊ बिट ठेवायची.

ज्या आरएस-४८५ लाइनवरून हे संदेश जातात तिची पाठवणं-ऐकणं अशी दिशा बदलणारी पिन कधी खाली आणायची, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टीएक्सई फ्लॅग एवढंच सांगतो की डेटा रजिस्टर रिकामं झालं. शेवटचा बाइट तेव्हा कुठे शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडायला लागलेला असतो. तो पूर्ण बाहेर पडला हे कळायला टीसी या दुसऱ्या फ्लॅगची वाट पाहावी लागते. लॉजिक अ‍ॅनालायझर लावून दोन्ही प्रकार मुद्दाम करून पाहिले. टीएक्सईवर पिन सोडली की सीआरसीचा दुसरा बाइट जवळजवळ अख्खा गायब! समोरचा स्लेव्ह (उत्तर देणारं उपकरण) गप्प, आणि आपण शोधत बसणार सीआरसीच्या कोडमध्ये.

एवढं झाल्यावरही मधूनच एखादी फ्रेम गळायची. कारण निघालं एका वजाबाकीत. मॉडबस आरटीयूत लाइन काही वेळ शांत राहिली की फ्रेम संपली असं धरतात; त्यासाठी दोन बाइटांमधलं वेळेचं अंतर मोजायला जुन्या कोडमध्ये अनसाइन्ड इंट वापरला होता. एव्हीआरवर तो १६ बिटांचा, त्यामुळे टायमर ६५५३५ वरून शून्यावर आला तरी उत्तर बरोबर यायचं. एआरएमवर इंट ३२ बिटांचा, टायमर मात्र १६ बिटांचाच. तिथे ५ वजा ६५५३० चं उत्तर ११ न येता ४२९४९०१७७१ येतं, आणि कोडला वाटतं की लाइन केव्हाची शांत आहे. मायक्रोसेकंदाच्या टिकला टायमर दर ६५.५ मिलिसेकंदांनी फिरतो. ९६०० बॉडला आठ बाइटच्या फ्रेमचा पहिला ते शेवटचा बाइट यायला ८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे साधारण आठांतली एक फ्रेम या तडाख्यात सापडते. उपाय एका कास्टचा: वजाबाकीचं उत्तर १६ बिटांच्या अनसाइन्डमध्ये आणायचं. नुसते दोन्ही व्हेरिएबल १६ बिटांचे करून भागत नाही, कारण वजाबाकीआधी सी त्यांना इंटमध्ये बढती देतो.

मग तशाच जागा धुंडाळल्या. साधा कॅरेक्टर टाइप एव्हीआर जीसीसी या कंपायलरमध्ये साइन्ड असतो, एआरएमवर अनसाइन्ड; उणे एकशी केलेली तुलना तिथे कधीच खरी ठरत नाही. बफरवर थेट स्ट्रक्चर बसवलेलं असेल तर एआरएमवर मध्ये पॅडिंग (रिकामे बाइट) शिरू शकतं, म्हणून ते काढून बाइट एकेक करून वाचले.

फाइलच्या डोक्यावरची कॉपीराइटची नोंद आणि लायसन्स जसंच्या तसं ठेवलं, त्याखाली माझे बदल लिहिले. प्रोटोकॉलची ती फाइल आता पीसीवरही बिल्ड होते, त्यामुळे तुटक्या फ्रेम देऊन तिला बोर्डाशिवाय तपासता येतं. आणि जुन्या एटीमेगाच्या बोर्डावरही आता तीच फाइल चढते.