शेवटचं क्रियापद

६ मे, रात्री

आज माझंच भाषण मोबाइलवर ऐकलं. घरातले सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात बसून, आवाज बारीक करून. खरीपपूर्व बैठकीत शेतकऱ्यांपुढे बोललेली १२ मिनिटं. त्यात 'त्या ठिकाणी' ३१ वेळा. 'त्या ठिकाणी बीजप्रक्रिया करायची, त्या ठिकाणी पेरणी करायची.' ही सवय सुटेल, ती मोजता येते.

मला छळतंय ते वेगळंच. प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझा आवाज बुडतो. वाक्य लांबलचक, शेवटच्या दोन शब्दांपर्यंत येईस्तोवर दम संपलेला. आणि मराठीत नेमकं सगळं शेवटीच येतं. क्रियापद शेवटी, नकार शेवटी. '७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत सोयाबीनची पेरणी करू नका.' यातलं 'नका' गिळलं की मागे बसलेल्या माणसाच्या पदरात काय पडतं?

गेल्या जूनमध्ये हे घडलंय. एका काकांनी पहिल्याच पावसावर पेरलं, नंतर पंधरा दिवस थेंब नाही. दुबार पेरणी. मी पाहणीला गेले तेव्हा बांधावर ते म्हणाले, "मॅडम, मिलिमीटरचं ऐकलं होतं. पण पेरा म्हणलात का नका म्हणलात, ते मागं ऐकूच आलं नाही." आवाजात राग नव्हता. एकरी ३० किलो बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं पुन्हा. वर्ष होत आलं, पण त्यांचं ते बोलणं डोक्यातून जात नाही.

१० मे

शेजारच्या गावात सप्ताह चालू आहे. कीर्तनाला गेले, मुद्दाम सगळ्यांत मागे बसले. मांडवाच्या कडेला लहान मुलं पळत होती, पंखे घरघरत होते, तरी महाराजांचा एकही शब्द हुकला नाही. कान देऊन ऐकत राहिले, हे कसं जमतं म्हणून.

ते वाक्य छोटं ठेवतात. शेवटच्या शब्दावर आवाज खाली सोडत नाहीत, जरा उचलतातच. आणि दम लागायच्या आत टाळकऱ्यांकडे बघतात. टाळकरी 'विठ्ठल विठ्ठल' उचलून धरतात, मृदंग चढतो, तेवढ्यात महाराज उपरण्यानं घाम पुसतात, श्वास भरून घेतात आणि तोच चरण पुन्हा हातात घेतात. तोपर्यंत ऐकणाऱ्याच्याही मनात तो चरण मुरलेला असतो. दोन तास उभं राहून बोलायचं बळ येतं ते यातून. सगळं एकट्यानं ओढायचं नसतं.

मी मात्र गप्प राहायला घाबरते. क्षणभर शांतता झाली की वाटतं, विसरले असं लोक समजतील. म्हणून 'त्या ठिकाणी'.

याचं मूळ शाळेत आहे, असं आता वाटतं. वक्तृत्व स्पर्धेत 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथून सुरू झालं की शेवटच्या ओळीपर्यंत थांबायचं नाही. अडखळलं की गुण गेले. मी दोनदा कप आणला. पण त्या वेळी समोर कोण बसलंय याच्याशी माझा काहीच संबंध नव्हता. रिकाम्या वर्गातही तेच भाषण तसंच झालं असतं.

१४ मे

आज एका ताईंकडून घरचं सोयाबीन मागून आणलं. त्यातले न निवडता १०० दाणे घेतले, भिजवलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचं. शंभरातले किती दाणे उगवतात ते बघायची ही उगवण चाचणी. तिच्यावर मी आजवर फक्त बोलत आले. पुढच्या बैठकीला गुंडाळी सोबत नेणार.

टिपणाचा कागद फाडला. नव्या कागदावर चारच ओळी. पेरणीचं वाक्य मोडून तीन केली: 'थांबा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. मग पेरा.' गच्चीवर जाऊन मोठ्यानं म्हणून पाहिलं. सासूबाईंना खाली अंगणात उभं केलं होतं. त्या म्हणाल्या, "आता 'पेरा' नीट आलं गं."

२० मे

बैठक मारुतीच्या देवळात होती. टेबलामागे उभी राहिले नाही, माईकही घेतला नाही. खाली सतरंजीवर सगळ्यांमध्ये बसले. सुरुवातीचं 'शेतकरी बंधूंनो' सोडलं, कारण भिंतीलगत नऊ बायका बसल्या होत्या आणि या गावात बियाणं निवडतात त्याच.

नमस्कार केला आणि काही न बोलता गुंडाळी उलगडली. ओल्या तागाचा वास सुटला. पांढरे, वाकडे कोंब, काहींची टरफलं अजून टोकाला चिकटलेली. मधे मधे फुगून कुजलेले दाणे. सगळे पुढे सरकले. मी म्हणाले, "मोजा." आणि गप्प बसले.

ती शांतता मला फार जड गेली. छातीत धडधडत होतं. पण या वेळी मी ती भरली नाही. एक आजोबा बोटानं ओळी मोजायला लागले, बाकीचे मागून पुटपुटत राहिले. ६४.

"७० उगवले असते तर एकरी ३० किलो पुरलं असतं. आता किती लागेल?" पुन्हा गप्प. भिंतीलगतच्या एक ताई म्हणाल्या, "तीन-एक किलो वाढवावं लागंल." बरोबर, ३३ च्या आसपास. मग बोलणं त्यांचंच सुरू झालं. कुणी म्हणालं, मळणी यंत्र जोरात फिरवलं की दाणा मार खातो. कुणी म्हणालं, पोतं ट्रॉलीतून खाली टाकू नये. मला एवढंच सांगायचं उरलं, की सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, म्हणून हा मार थेट त्याला लागतो.

पेरणीची तीन वाक्यं सर्वांत शेवटी म्हणाले. "मग पेरा" नंतर मागच्या खांबाकडे बघत थांबले. तिथे गेल्या वर्षीचे काका बसले होते. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पाऊस किती झाला ते आम्हाला कसं कळायचं?" आमच्या महसूल मंडळातल्या पावसाचा आकडा रोज सकाळी ग्रुपवर टाकायचं कबूल केलं.

निघताना चार घरांतून दाण्यांच्या पुड्या आल्या. प्रत्येकीवर नाव लिहून घेतलंय. उद्या गोणपाट भिजवायची आहेत.