सासूबाईंकडची बाजू रिकामी का?

तुम्ही विचारलेत म्हणून एकदाचे लिहून टाकते. ग्लासगोच्या आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा, आणि नाशिकला गेले की माहेरचे निम्मे लोक, मला एकच प्रश्न विचारतात : सासऱ्यांकडची वंशावळ तू १७४० च्या दशकापर्यंत नेलीस, मग सासूबाईंकडची आयर्लंडमधल्या डोनेगलहून आलेल्या एका बाईपाशी का थांबवलीस? प्रश्न विचारणारा बहुधा उत्तरही स्वतःच पुरवतो, "आयर्लंडचे सगळे कागद जळाले ना?" वाद नको म्हणून आजवर मी त्याला मान डोलावत आले.

सगळे कागद जळालेले नाहीत. ३० जून १९२२ रोजी, आयर्लंडमधल्या यादवी युद्धाला तोंड फुटून दोन दिवस होतात न होतात तोच, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधला सार्वजनिक दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झाला, हे खरे आहे. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद, पिढ्यान्‌पिढ्यांची मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या सुमारे निम्म्या नोंदवह्या त्यात गेल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारने त्याआधीच आपल्या हुकमाने नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धात लगदा झाला होता. त्यांचे खापर आगीवर फोडण्यात अर्थ नाही. कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवह्या तर त्या इमारतीत कधी नव्हत्याच, आणि २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतील अशी ठेवली आहेत. १८६४ पासूनची जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद शाबूत आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत. दुष्काळाच्या काळात सुरू होऊन १८६४ मध्ये संपलेल्या ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे करआकारणीसाठी केलेल्या मालमत्तेच्या मोजणीत, जमीन किंवा घर कसणाऱ्या-राखणाऱ्या कुटुंबप्रमुखांची नावे गाववार छापलेली आहेत.

अडचण कागद नसण्याची नाही, कोणता कागद उघडायचा हे न कळण्याची आहे. आयर्लंडमध्ये टाउनलँड म्हणजे वाड्यावस्त्यांएवढी जमिनीची विभागणी साठ हजारांहून अधिक आहे, एकाच नावाच्या टाउनलँड परगण्या-परगण्यांत विखुरलेल्या आहेत, आणि स्कॉटलंडच्या जनगणनेतला कारकून मात्र जन्मस्थळाच्या रकान्यात बहुतेक वेळा "आयर्लंड" एवढेच लिहून मोकळा होई. सासऱ्यांची बाजू सोपी निघाली याचे श्रेय माझ्या हुशारीला नाही. स्कॉटलंडच्या पॅरिश नोंदवह्यांपैकी सर्वांत जुनी, पर्थशायरमधल्या एरलची, १५५३ ची आहे. १८५५ पासून सक्तीची नोंदणी आहे. आणि विवाहाच्या व मृत्यूच्या दाखल्यावर दोन्ही आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासकट, असतात. थोडे पैसे भरले की घरबसल्या एका दाखल्यावरून मागच्या पिढीच्या दाखल्यावर जाता येते. माझी एक मावशी विचारते, तिकडे आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांसारखी वही ठेवणारे कोणी नाही का? आहे की, पण त्र्यंबकेश्वरच्या वहीत आमच्या घराण्याच्या पुरुषांच्या ज्या पिढ्या आहेत, त्यांत माझ्या पणजीचे माहेर कुठे लिहिले आहे, हे मावशीने आधी मला दाखवावे.

ज्याच्याकडे जमीन नव्हती, मृत्युपत्र करण्याजोगे काही नव्हते, त्याचा सविस्तर कागद बहुतेक एकाच प्रसंगी तयार झाला : तो काही मागायला गेला तेव्हा. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि जन्मनोंद नसलेल्या आयरिश म्हाताऱ्यांनी वय सिद्ध करण्यासाठी १८४१ व १८५१ च्या जनगणनेत आपले नाव शोधून मागितले. त्या अर्जांवरचे उतारे राहिले म्हणून जळालेल्या जनगणनेचे काही तुकडे आज आपल्याला वाचता येतात. सैनिकांचेही तसेच. पुण्याहून कोणी ना कोणी मला तिथल्या छावणीतल्या आयरिश शिपायांविषयी विचारते, आणि विचारणे योग्यही आहे, कारण रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स ही पलटणच १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये सामील झाली. शिपायाच्या निवृत्तीच्या कागदावर त्याची पॅरिश, जवळचे शहर आणि परगणा असे तिन्ही असते, पण १८८२ पर्यंतच्या त्या कागदांच्या संग्रहात पेन्शन मिळवणारेच आहेत. जो मुंबई इलाख्यात तापाने मेला, त्याने काही मागितले नाही, आणि त्या संग्रहात तो नाही.

सासूबाईंची पणजी मला अशाच एका मागण्यात सापडली, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे.

ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयात शहराचे अभिलेखागार आहे आणि तिथे गरीब साहाय्यासाठी केलेल्या अर्जांचे प्रचंड दप्तर आहे. सासूबाई हट्टाने माझ्याबरोबर आल्या होत्या. जाडजूड वही समोर आली, तारीख जानेवारी १८७९. आदल्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली होती आणि त्या हिवाळ्यात शहरात हजारोंच्या हाताचे काम गेले होते, त्यामुळे अर्जांची रांग संपत नव्हती. निरीक्षकाचे अक्षर उजवीकडे कललेले, घाईचे. जन्म डोनेगल, आणि पुढे स्वच्छ अक्षरात पॅरिशचे नाव. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. ते नाव त्याने का लिहिले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हते : १८४५ च्या कायद्याप्रमाणे एका पॅरिशमध्ये सलग पाच वर्षांचा रहिवास सिद्ध झाला नाही तर आयरिश अर्जदाराला आयर्लंडला परत पाठवता येत असे, आणि परत पाठवायचे तर कुठे, हे लिहून ठेवणे भाग होते. आज आम्ही वंशावळवाले ज्या ओळीसाठी जीव टाकतो, ती तिला हाकलण्याची तयारी होती.

सासूबाई तोवर खालच्या ओळी वाचत होत्या. नवरा सोडून गेलेला. दोन मुली. धाकटी, वय दोन, नवऱ्याची नव्हे. शेरा असा की पैसे देऊ नयेत, पूअरहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, जागा देऊ करावी. धाकटी म्हणजे सासूबाईंची आजी, जिच्या मांडीवर त्या वाढल्या आणि जिचे वडील समुद्रात बुडाले असे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

माझा स्वभाव असा की एका कागदावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून त्याच आठवड्यात मी १८७६ ची जन्मनोंद काढली. स्कॉटलंडच्या नोंदवहीचे कौतुक मी वर केलेच आहे. तिचा काटेकोरपणा असा की विवाहित स्त्रीने मूल नवऱ्याचे नाही असे सांगितले तर तेही पूर्ण वाक्यात लिहीत. अमक्याची पत्नी, जो या बालकाचा पिता नाही असे ती जाहीर करते, आणि वेगळे राहू लागल्यापासून चार वर्षांत आपला त्याच्याशी कोणताही संबंध आलेला नाही असेही सांगते. खाली सहीच्या जागी फुली, "तिची खूण". त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाईंनी तो कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि विचारले, "तुझ्या आजीबद्दल असे निघाले असते, तर तू शोधत राहिली असतीस का?" मी "हो" म्हणाले. फार चटकन म्हणाले. त्यांनी सांगितले की त्यांच्या हयातीत ही बाजू इथेच थांबावी, पुढे तुझे तू बघ. मी थांबले. आगीचे निमित्त आयते होते.

त्या काळची मी ठामपणे म्हणत असे की कागदाला लाज नसते, असते ती वाचणाऱ्याला, आणि जिने स्वतः कारकुनापुढे उभे राहून हे सांगितले तिच्या वतीने आपण लपवालपवी करणे हा तिचाच अपमान आहे. आजही मला हा युक्तिवाद पोकळ वाटत नाही. पण तिने ते मनाने सांगितले की विचारल्यावाचून कारकून पुढे सरकत नव्हता म्हणून सांगितले, हे त्या फुलीवरून मला कळत नाही. सासूबाई जाऊन आता काही वर्षे झाली. परक्या देशातून आलेल्या सुनेने आमचे घर उकरले, असे एका नातेवाइकाने मला तोंडावर ऐकवले आहे. त्याच गृहस्थांना सासऱ्यांकडचा तक्ता मात्र चौकटीत लावायला हवा असतो, आणि वर त्या आडनावाचे मानचिन्हही हवे असते, जे स्कॉटिश कायद्याने व्यक्तीचे असते, आडनावाचे नसते. हे त्यांना समजावणे मी सोडून दिले आहे.

मनाई आता उरलेली नाही, तरी बाजू रिकामी आहे, म्हणून तुमचा प्रश्न अजूनही लागू पडतो. डोनेगलच्या त्या पॅरिशच्या नोंदवह्या उशिरा सुरू होतात, त्यामुळे पणजीचा बाप्तिस्मा त्यांत मिळणार नाही, पण ग्रिफिथच्या मूल्यांकनात त्या पॅरिशमध्ये तिच्या माहेरच्या आडनावाची घरे आहेत आणि तिथून काही बांधता येईल. मुलीचा बाप कोण, हे मात्र तिथून कळणार नाही. माझ्या नणंदेने हौसेने डीएनए चाचणी करून घेतली, आणि ग्लासगोजवळच्या पेझलीच्या एका घराण्याशी असे नाते निघाले आहे की त्याची जागा आमच्या तक्त्यात दुसरीकडे कुठेच बसत नाही. त्या घरातल्या एका बाईंनी, आपण कशा नात्यातल्या, असे विचारणारे सभ्य पत्र पाठवले आहे. नणंद म्हणते, सगळे लिही. मी म्हणते, त्यांच्या घरातही कोणाची तरी आजी असेल. पत्राला उत्तर अजून गेलेले नाही.