खळ्यातली गाडी आणि खळ्यातली पोरं

इथे न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये मागेपुढे बांधलेल्या घरांना बरेचदा मिळून एकच लांब ड्राइव्हवे असतो. गाड्या त्यावरूनच रिव्हर्स येतात आणि पोरं सायकलीही तिथेच फिरवतात. स्टारशिप या मुलांच्या रुग्णालयाची सेफकिड्स संस्था म्हणूनच पालकांना तीन गोष्टी बजावते: गाडी हलवण्याआधी मागेपुढे फिरून बघा, मुलांवर लक्ष ठेवा आणि खेळायची जागा गाडीच्या वाटेपासून वेगळी करा. सरकारी भाड्याच्या बऱ्याच घरांना त्यासाठी कुंपणंही घातली गेली.

मला तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण नजर कधीतरी चुकतेच. घरापाशीच पोर गाडीखाली सापडतं, अशा अपघातांत गाडी चालवणारा बहुतेकदा घरचाच असतो: बाप, काका, आजोबा. वेग अगदी चालण्याएवढा. बाबा निघाले म्हणून दोन-तीन वर्षांचं पोर टाटा करायला मागे धावतं, आणि बाबांच्या मते ते आत्ताच तर ओटीवर आजीपाशी होतं!

आता चतुर्थीला आमचं मालवणकडचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, कसं असतं ते आठवा. चाकरमान्यांच्या गाड्या थेट तुळशीपर्यंत, भजनीमंडळींचा टेम्पो मागे येतोय, लाइट गेलेली, आणि पोरं लवंग्या उडवत सैरावैरा. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. पण खळ्यात ते वृंदावन बघून वाजतात, मांडवाचा खांब बघूनही वाजतात. थोड्या वेळाने त्यांच्याकडे कोण लक्ष देतो? अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. चांगलंच झालं, पण लेन्सवर लाल चिखल उडाला की त्यात काय दिसणार? आणि उंच बॉनेटच्या पुढ्यात उभं असलेलं पोर त्यात मुळीच दिसत नाही.

आपल्याकडे बेडं आहे, खळ्यात शिरायच्या वाटेवरचं वाशांचं फाटक. त्याचे आडवे वासे सरकवले की गाडी आत येऊच शकत नाही. दादाला फोनवर तेच सांगितलंय: यंदा सगळ्या गाड्या पाणंदीकडेच लाव. आजीला दवाखान्यात न्यायला गाडी दारात आणावीच लागते, तेव्हा आधी सगळी पोरं ओटीवर, वहिनी त्यांच्यापाशी. चालवणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, "पोरां खंय आसत?" आणि "सगळी माज्याकडे" असं ऐकू आल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

दादा म्हणाला, पावसात सामान एवढ्या लांबून कोण आणणार? मी म्हटलं, आम्ही सगळे येतोय, आम्ही आणू.