चतुर, दव आणि सव्वा मिलीमीटर

आजची सकाळ गवतावर बसलेल्या चतुरांपुढे गेली आणि पुन्हा पटलं, मॅक्रोमध्ये, म्हणजे इवल्याशा गोष्टी अगदी जवळून टिपताना, खरी मारामारी असते ती डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे फोटोत शार्प येणाऱ्या खोलीची. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलीमीटरचा पट्टा शार्प मिळतो. डोळे धरले की पंख गेले! म्हणून पंख हवे असतील तर सेन्सर पंखांना समांतर धरा. अॅपर्चर आणखी बारीक करून फारसं हाती लागत नाही. १:१ ला एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं, त्यापुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो.

लेन्स ६० मिमी घ्यावी की १००? मी बिनदिक्कत १०० सांगेन. १:१ ला लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत साधारण १३-१४ सेंमी अंतर उरतं. ६० मध्ये ते बरंच कमी होतं, किडा बिचकतो आणि लेन्सची सावली त्याच्यावरच पडते. बजेट नसेल तर ५० मिमीला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा: २५ भागिले ५०, म्हणजे मॅग्निफिकेशनमध्ये (१:१ म्हणजे १) ०.५ ची भर. तीच ट्यूब २०० मिमीला लावली तर भर फक्त ०.१२५.

फोकस मॅन्युअल. रिंग फिरवत बसू नका, स्वतःच किंचित पुढे-मागे होत बर्स्ट मारा, म्हणजे सलग भराभर फोटो काढा. आणि दव सुकायच्या आत पोहोचा, कारण गारठलेला चतुर जागचा हलत नाही. ऊन लागून पंख थरथरायला लागले, की तो उडायच्या तयारीत आहे असं समजा आणि राहिलेले फोटो लगेच उरका.