बाबांना आलेला वसुलीचा फोन

रात्रीचे साडेआठ वाजले असतील. सोप्यावर बसलेले बाबा फोनवर कुणाला तरी "हो साहेब, हो साहेब" म्हणत होते. आवाज इतका पडलेला की मी हातातलं काम टाकून बाहेर आले. स्कूटरच्या जुन्या कर्जाचे १८,४०० रुपये थकलेत, उद्या पोलीस घरी येतील, आज ९,००० भरले तर सेटलमेंट होईल, असं पलीकडचा माणूस दमात घेऊन सांगत होता. बाबांना पैशांपेक्षा दारात पोलिसांची जीप उभी राहण्याची धास्ती. मला त्याचाच संताप आला. सत्तरीच्या माणसाच्या अब्रूला हात घालून पैसे काढायचे!

मी फोन घेतला आणि कर्जखात्याचा नंबर विचारला. बाबांचं पूर्ण नाव, गाव, स्कूटरचा नंबर सगळं त्याला पाठ. खात्याचा नंबर काही सांगेना. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र पाठवा म्हटलं, तर व्हॉट्सॲपवर 'वॉरंट' आलं. शिक्का ठसठशीत, पण खटल्याचा नंबरच नाही. पैसे भरायला पाठवलेल्या क्यूआर कोडवर नाव बँकेचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. मी फोन ठेवला. खऱ्या वसुलीवाल्यालाही रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. आणि नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत (चेक न वटण्याची गोष्ट वेगळी).

बाबांचा डोळ्याला डोळा लागेना. शेवटी आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पावसाळ्यातल्या ओलीने कागद एकमेकांना चिकटलेले. हळूहळू सोडवले तेव्हा कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला सापडला. आरसीवरचा, म्हणजे स्कूटरच्या नोंदणीपत्रावरचा, बँकेच्या कर्जाचा बोजाही उतरलेला होता.

दुसऱ्या दिवशी बुधवार. डिचोलीच्या बाजाराला निघालेले बाबा आधी शाखेत गेले. मॅनेजरनी खातं बंद असल्याचं स्क्रीनवर दाखवलं. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माणसाच्या सगळ्या कर्जांचा लेखाजोखा, मी काढला, त्यातही तेच. संचार साथी या सरकारी पोर्टलवर फसव्या फोनची तक्रार घेणारी 'चक्षू' सोय आहे, तिथे त्या नंबरची तक्रार केली.

संध्याकाळी बाबा हे सगळं सांगायला शेजारच्या काकांकडे गेले. काका बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, त्यांनाही सकाळी तसाच फोन आला होता, आणि घरात कुणाला न कळवता त्यांनी ४,००० भरून टाकले होते. मी तिथेच बसून त्यांच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला.